दर्याचा हात

घड्याळ आजही गप्प राहिलं आणि भीमाबाई सोसायटीच्या फाटकाजवळ मटकन खाली बसली. डोळ्यांपुढे अंधारी आली होती, छातीत नुसती धडधड चालली होती. वॉचमननं पाणी आणलं आणि वर फोन लावला. सून चारुता धावत खाली आली. तिनं आधी सासूचं मनगट हातात घेतलं. घड्याळावर आकड्याच्या जागी दोन रेघा होत्या.

"थरथरलंच नाही का हे?"

"तुजं घड्याल माज्यावानीच दमलंय," भीमाबाई म्हणाली.

घड्याळ काही हौसेचं नव्हतं. उन्हाळ्यात भीमाबाईच्या हृदयाच्या नळीत स्प्रिंग घातली होती. रोज चाला, पण बेतानं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ठोके फार वाढले की घड्याळ थरथरेल, तेव्हा मुकाट बसून घ्यायचं. जन्मभर करंजा बंदराच्या धक्क्यावरून डोक्यावर मासळीची पाटी घेऊन पळालेली बाई ती. आता चालायचं कसं, हे तिला मनगटावरची डबी शिकवणार होती. तिनं तेही मान्य केलं. भांडायला जो दम लागतो, तो तिच्यात उरला नव्हता.

अडचण होती ती बांगड्यांची. तिचा डावा हात हिरव्या चुड्यानं भरलेला. घड्याळ चुड्याच्या खाली बांधलं की बांगड्या त्यावर आपटत, पट्टा सैल होई आणि ते कातडीला टेकेना. वर बांधावं, तर पाट्या उचलून उचलून हात असा भरलेला, की पट्टा पुरेना. मग ठोके मोजायचे कोणाचे? घड्याळ बापडं बांगड्यांचा किणकिणाट ऐकत बसे.

लिफ्टनं दोघी वर आल्या. चारुतानं सासूला कॉटवर बसवलं, लिंबूपाणी दिलं. समोर गॅलरीत तिचा नवरा दादू पाठ करून बसला होता. पनवेलजवळच्या विचुंब्यातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरून इमारतींखेरीज काही दिसत नव्हतं, तरी तो दिवसभर तिथंच बसे.

"आई, आज मी ऐकणार नाही," चारुता तिच्या हातातलं घड्याळ सोडवत म्हणाली. "एक तर या बांगड्या काढा..."

"नवरा समोर जिता बसलाय आनि बांगड्या काढू?"

"मग उजव्या हाताला बांधा. तो तर मोकळाच आहे. नाहीतर उद्यापासून तुमचं एकटीनं खाली जाणं बंद. आणि चालणं बंद झालं तर काय होईल, ते डॉक्टरांनी तुमच्यासमोरच सांगितलंय."

भीमाबाईनं उजवा हात पदराखाली घेतला. "तो हात माजा नाय गो. दर्याचा हाय."

चारुता पनवेलच्या बाजारपेठेत वाढलेली. सासूच्या एकाच हातात चुडा असतो, हे ती लग्न झाल्यापासून बघत होती. विचारलं मात्र कधी नव्हतं. आज भीमाबाईनं थकल्या आवाजात सांगितलं. कोळ्यांच्या लग्नात नवरीनं उजव्या हातातल्या बांगड्या समुद्राला वाहायच्या. माझा माणूस तुझ्या भरवशावर सोडते, त्याला सांभाळ, हा हात तुझा. तेव्हापासून तिनं त्या हातात काही म्हणून घातलं नव्हतं.

"पण बाबा आता कुठे जातात समुद्रात?"

भीमाबाईनं झटकन तिचं मनगट दाबलं. "हलू बोल!"

कारण ही गोष्ट त्या घरात कोणी बोलत नसे. दादूचे गुडघे गेले होते, नजर अधू झाली होती, होडी केव्हाच पुतण्याच्या ताब्यात गेली होती. तरी नारळी पौर्णिमा जवळ आली की तो दर वर्षी म्हणे, "यंदा जायाचा." मुलगा मान हलवी, चारुता स्वयंपाकघरात जाई, आणि भीमाबाई आपला उजवा हात तसाच मोकळा ठेवी. तिसऱ्या मजल्यावर बसलेल्या माणसाला दर्या काय करणार, एवढं तिलाही कळत होतं. पण त्या हाताला काही बांधणं म्हणजे नवऱ्याला तोंडावर सांगणं, की तुमचं संपलं. त्यापेक्षा चक्कर परवडली, असं तिला मनापासून वाटे. आता मात्र तिला भीतीही वाटत होती. फाटकाशी बसली तेव्हा आपण उठू असं तिला वाटलं नव्हतं.

गॅलरीतली खुर्ची करकरली. दादू भिंतीला धरत आत आला आणि कॉटवर तिच्या शेजारी टेकला.

"दे ते," तो चारुताला म्हणाला.

त्यानं घड्याळ घेतलं आणि भीमाबाईचा उजवा हात पदराखालून ओढून काढला. ती कासावीस झाली. "आवो, ऱ्हाऊ द्या ना! पुनव आयलीच की आता. तुमाला जायाचा हाय ना यंदा?"

दादू पट्टा ओवायला लागला. डोलकाठीवर चढून वाऱ्यात गाठी मारणारा माणूस, पण त्याला पट्ट्याचं भोक सापडेना. चारुता मदतीला वाकली, तर त्यानं तिला कोपरानं बाजूला सारलं. दोनतीनदा पट्टा सुटला. भीमाबाई हात सोडवायला बघत होती आणि तिचे डोळे भरून आले होते. शेवटी पट्टा बसला. त्यानं तो नीट दाबून बघितला, पण तिचा हात सोडला नाही.

"ऱ्हाऊ दे गो आता," तो म्हणाला. "मी आयलो घरा."