लाल की हिरवी

होणाऱ्या जावयाने प्रत्येक प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलं, तिथेच बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

नव्या मोसमाची पहिली शर्यत सुरू व्हायला थोडा अवकाश होता. टीव्हीवर गाड्या आपापल्या जागेवर येऊन उभ्या राहत होत्या. सगळा हिवाळा बाई आणि त्यांचा धाकटा भाऊ याच दिवसाची वाट पाहत होते. आणि नेमका हाच दिवस मुलीने आपल्या या दातांच्या डॉक्टर मित्राला घरी आणायला निवडला होता.

"नवीन नियमामुळे गाड्या हलक्या झाल्यात," डॉक्टर सांगत होता. "वळणावर मागची चाकं घसरणार. पहिल्या दोन-तीन शर्यतींत सगळेच चाचपडतील."

"ऐकलंस, ताई?" मामा खूश झाला. "नुसता दात उपटणारा नाही हा माणूस!"

"मी म्हटलं नव्हतं? तुमच्यातलाच आहे," मुलगी म्हणाली. तिने जन्मात एक शर्यत धड पाहिली नव्हती.

"आणि तुम्ही कोणाच्या बाजूचे?" बाईंनी विचारलं.

"लाल गाडीच्या. दुसरं कोण?"

या घरातही दुसरं कोणी नव्हतं. बाईंना आनंद व्हायला हवा होता. पण त्यांचा जन्म शाळेत रसायनशास्त्र शिकवण्यात गेला होता. समजून लिहिलेलं उत्तर आणि शेजारच्याच्या पेपरात डोकावून लिहिलेलं उत्तर, दोन्हींचा वास त्यांना लांबून यायचा.

"गेल्या मोसमात शेवटच्या शर्यतीला आपल्या म्हाताऱ्याने टायर बदलायला थांबायला नको होतं," त्या सहज बोलल्यासारखं बोलल्या. म्हातारा म्हणजे लाल गाडीचा चालक. त्याला घरात सगळे असंच म्हणत. "उगाच घाई केली. तिथेच हातची शर्यत घालवली."

"अगदी, काकू. थांबला नसता तर जिंकला असता."

"काहीतरीच काय!" मामा उसळला. "त्या टायरांवर दोन फेऱ्या तरी टिकला असता का तो? वाटेतच फुटले असते!"

"तेही खरंच आहे, मामा," डॉक्टर म्हणाला. हसू तेच, आवाज तोच.

बाईंचं मतही खरं तर भावासारखंच होतं.

सुरुवातीच्या इशाऱ्याचे पाच लाल दिवे एकेक करून लागले. मामा सरकत सरकत सोफ्याच्या पार कडेला आला. दिवे विझले, वीस गाड्यांचा आवाज खोलीत घुसला, आणि महिनोन्महिने ज्या क्षणाची वाट पाहिली त्या क्षणी बाई टीव्हीकडे बघतच नव्हत्या. त्या डॉक्टरच्या हाताकडे बघत होत्या.

"आतून घुसली! हिरवी आतून घुसली!" मामा ओरडला.

डॉक्टरची मूठ गुडघ्यावर आपटली. एकदाच, घट्ट, आनंदाने. मग तोच हात उघडला आणि कपाळाला लागला. "अरेरे! काय हे!"

हिरवीला चुकवताना लाल गाडी रस्त्याकडेच्या खडीत जाऊन फिरली आणि धूळ उडवत बंद पडली. म्हातारा हेल्मेटसकट मान खाली घालून बसून राहिला. मामाने उशी जमिनीवर आपटली आणि तो तणतणत बाल्कनीत गेला. मुलगी म्हणाली, "मी चहा टाकते सगळ्यांसाठी," आणि स्वयंपाकघराकडे वळली.

खोलीत दोघंच उरली.

"हिरवीवाला ना तू?" बाई म्हणाल्या. 'तुम्ही' केव्हा गळून पडलं ते त्यांनाही कळलं नाही.

"नाही हो, काकू, मी..."

"मी तुझी मूठ पाहिली."

तो कानापर्यंत लाल झाला. मग हळूच म्हणाला, "लहानपणापासून." आणि पुढे त्याला राहवलं नाही. "त्याने ब्रेक किती उशिरा लावला, पाहिलंत? एवढ्याशा फटीत! मला तर वाटलं, दोघंही जाणार!" आल्यापासून पहिल्यांदाच त्याचे डोळे चमकत होते. हात हवेत वळण घेत होते.

हा मुलगा बाईंना आवडला. क्षणभर फार आवडला.

"मग सांगायचंस की. हिरवीवाल्यांना या घरात चहा मिळत नाही, असं थोडंच आहे?"

"तिनेच सांगितलं होतं, आईला लाल आवडते म्हणून. म्हटलं, पहिल्याच भेटीत कशाला वाद?"

यात वावगं काहीच नव्हतं. बाईही कधीकाळी सासरी पहिल्याच दिवशी असंच काहीबाही बोलून गेल्या असतील. त्यांनी मान डोलावली. पण मन काही जागेवर येईना.

"आणि तिच्याशी? तिच्याशी होतात ना वाद?"

"छे! एकदाही नाही," तो अभिमानाने म्हणाला.

"दोन वर्षांच्या ओळखीत एकदाही नाही?"

"एकदाही नाही, काकू."

"कुठे राहायचं, मुलं कधी, तिने नोकरी बदलायची की नाही... कशावरूनच नाही?"

त्याने उत्तरासाठी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मुलगी ट्रे घेऊन आत आली. त्याने तोंड मिटलं. हवेतले हात मांडीवर आले, आणि चेहऱ्यावर मघाचं हसू नीट बसलं.

"कोण पुढे आहे रे?" तिने विचारलं.

टीव्हीवर मोकळ्या रस्त्यावर हिरवी गाडी एकटीच पळत होती. त्याने आधी मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग बाईंच्या. टीव्हीकडे पाहिलं नाही.

"तुला कोण हवंय?"

ती लाजली. ट्रे ठेवून त्याला खेटून बसली.

"बघ ना आई," ती म्हणाली, "कसं विचारतो ते."