डॉक्टरवार बेरीज

"दुकानवार नको. डॉक्टरवार बेरीज काढा," पोलीस अधिकारी म्हणाला.

सुनेत्राने कीबोर्डवरचे हात मांडीवर घेतले. "नाही काढणार."

भाटियांचा चेहरा पडला. चंडीगडच्या त्या औषध कंपनीचे ते मॅनेजर, आणि कॉम्प्युटर विभाग सुनेत्राच्या हाती. पंजाबभरच्या डेपोंतून दुकानांना आणि डॉक्टरांना गेलेल्या मालाची बिलं तिच्याकडे यायची. एक क्वेरी दिली की हजारो बिलांची बेरीज समोर हजर. अधिकारी कशासाठी येणार, ते भाटियांनी तिला सकाळीच सांगून ठेवलं होतं.

"गोळी लागलेले अतिरेकी इस्पितळात जात नाहीत, मॅडम," अधिकारी शांतपणे म्हणाला. "कुणीतरी डॉक्टर त्यांना गुपचूप टाके घालतोय. टाक्यांचा दोरा, पट्ट्या, सलाइन सगळ्यांत जास्त कोण घेतं, एवढंच हवंय."

"आणि ज्याचं नाव वर येईल, त्याचं काय?"

"चौकशी."

"मागच्या महिन्यात त्या कंपाउंडरची केलीत, तशी? त्याची बायको अजून त्याला शोधत फिरतेय."

भाटिया मध्ये पडले. "सुनेत्राजी, ज़िद मत कीजिए. नौकरी जाएगी."

"जाए तो जाए." तिचा आवाज चढला. "कोर्टाचा हुकूम आणा. दोरा विकत घेणं हा गुन्हा नाही."

अधिकारी उठला. "सोमवारी आणतो."

स्कूटरवरून घरी येताना तिची मान ताठ होती.

तिचा नवरा हेरंब दवाखान्यातून आलेला होता. सर्जन माणूस, मितभाषी. सगळं ऐकून मात्र तो चिडला.

"वेड लागलंय का तुला? आपण बाहेरून आलेली माणसं. हवं ते देऊन मोकळं व्हायचं!"

"आणि त्या डॉक्टरला उचलून नेलं असतं तर?"

"कुणाचं तरी नाव येणारच. आपल्याला काय त्याचं? तू कशाला जीव धोक्यात घालतेस?"

"मी देणार नाही. सोमवारीही नाही. काय करायचं ते करू देत."

"अगं, पण कुणासाठी?"

सुनेत्राने दार लावून घेतलं, कडी घातली आणि त्याच्यासमोर येऊन बसली.

"रोपड, कुराली, मोरिंडा... दर वेळी वेगळा डेपो, थोडंथोडं सामान. म्हणून तू निर्धास्त आहेस," ती हळू आवाजात म्हणाली. "पण डॉक्टरवार बेरीज डेपो बघत नाही, हेरंब. तो माणूस यायच्या आधीच मी ती काढून पाहिली. पहिलं नाव तुझं आहे."