सनमायकाची गिटार

"लोक गिटारला रंग देतात, ह्यांना सनमायका हवा. उद्या तबल्यावर फरशी बसवतील," हेमलता दिगंबररावांच्या कानाशीच पुटपुटली.

त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ऑर्केस्ट्रात आयुष्यभर दुसऱ्यांच्या गिटारी वाजवून झाल्या होत्या; ही त्यांनी स्वतः लाकूड कापून बनवली होती. जुन्या जेवणाच्या टेबलाचा, हिरव्यावर सोनेरी ठिपक्यांचा तुकडा एवढाच शिल्लक होता. लाकडाला आणि तुकड्याला गोंद लावून झाला होता. एकदा टेकला की तो हलणार नव्हता. वाकडा बसला तर गिटार वाया.

ते तुकडा धरून वाकले. त्याची कड थरथरू लागली. हेमलताने ते पाहिलं. कित्येक महिने ती त्यांना अर्धाच कप चहा देत होती, लेक गुपचूप शर्टाची बटणं लावून द्यायची, आणि बोलणं मात्र हवापाण्याचं चालायचं.

"वाऱ्याने हलतोय हो," ती घाईने म्हणाली. "थांबा, पंखा बंद करते."

"पंखा बंदच आहे." त्यांनी तुकडा अलगद तिच्या हातात दिला. "माझा हात हलतोय, हेमा. तू बसव."