पुलाखालची उंची

"रेल्वेच्या पुलाखालून नाही जाणार बोट. केबिन अडकेल," मयुरी मांडीवरच्या लेकीला थोपटत म्हणाली. सकाळी तिनेच पुलाखाली बांबू उभा करून उंची मापली होती. ट्रेलरवर चढवली तरी बोट आरामात निघून वर हातभर जागा उरत होती. पण बोट मासेमारीला गुजरातेत वेरावळला पोचली की नवरा शिमग्यापर्यंत घरी येणार नव्हता.

आबांनी, तिच्या सासऱ्यांनी, जमिनीवर खडूने आखलेला रस्ता पुन्हा न्याहाळला. "दुसरी वाट नाही. राहू दे मग यंदा."

तिला हायसं वाटलं, पण क्षणभरच.

"राहू दे कसं? तिथल्या धक्क्यावर जागा धरलीय," तिचा नवरा हेमंत म्हणाला. "रस्त्याने जमत नाही ना, मग उद्या समुद्रातूनच नेतो."

"दर्याला नारळ दिल्याशिवाय? असल्या उधाणात?" आबा उठून उभे राहिले. "खुळा झालास काय रे?"

"नारळी पुनवेपर्यंत थांबलो तर जागा जाईल, आबा."

तो डिझेलचे कॅन बाहेर काढू लागला. मयुरीचा हात लेकीच्या पाठीवर थांबला.

"जाते," ती म्हणाली. "पुलाखालून जाते बोट. मी खोटं सांगितलं."

आबांनी मान फिरवली. हेमंतने हातातला कॅन खाली ठेवला. ती बोलणी खायला तयार होऊन बसली. त्याने फक्त फोन लावला.

"ट्रेलर पाठवा, शेठ," तो म्हणाला. "पुलाखाली अडत नाही. बायको सांगतेय म्हणजे नाहीच अडत."