कधीपर्यंत

प्रसूती वॉर्डातून यंत्र तपासायला कंपनीत आलेल्या सिस्टरने टेबलावरच्या रबरी बाळाची नळी चिमटून धरली. बाळाचा श्वास थांबला. वीस सेकंद श्वास आला नाही की त्याला जोडलेल्या यंत्राने बोंब ठोकायची, एवढंच त्याचं काम. यंत्र आजच वॉर्डात जायचं होतं आणि गाडी फाटकाशी उभी होती.

वीस झाले. तीस झाले. यंत्र ढिम्म.

सिस्टरचा दुसरा हात स्क्रीन उजळायच्या बटणावर एकसारखा टकटकत होता.

"अहो, सारखं बटण काय दाबताय?" कंपनीचे साहेब वैतागले. "सकाळपासून शंभरदा व्यवस्थित वाजलंय. असं कोण दाबतं?"

"बाळाची आई," सिस्टर म्हणाली.

कोपऱ्यातली प्रोग्रामर मुलगी खुर्चीतून ताडकन उठली. यंत्राच्या ऑपरेटिंग सिस्टीममधला वाट बघायचा कॉल, म्हणजे ठरलेला वेळ थांबायला लावणारी आज्ञा, तिने लिहिला होता, आणि त्याचा तिला कोण अभिमान!

"सापडलं! माझीच चूक!" ती चक्क आनंदाने ओरडली. "मी प्रोग्रामला सांगते, वीस सेकंद थांब. बटणाने मध्येच उठवलं की तो स्क्रीन उजळतो आणि पुन्हा पहिल्यापासून वीस मोजायला बसतो. म्हणजे आई जितकी घाबरणार, तितका हा गप्प!"

"मग आता?"

"किती वेळ थांब, हे सांगायचंच नाही. कधीपर्यंत थांब, ते सांगायचं. शेवटच्या श्वासापुढे वीस सेकंदांची वेळ ठरवून टाकायची. मग कितीदा का उठवेनात, ती हलत नाही."

साहेबांनी खिडकीतून गाडीकडे पाहिलं. "अर्धा तास देतो."

"कधीपर्यंत ते सांगा, साहेब!"

"साडेचार!" साहेबांना हसू आवरेना.

पुढे ते चारदा डोकावून गेले. तिने मान वर केली नाही.

चार अठ्ठावीसला सिस्टरने पुन्हा नळी चिमटली आणि बटणावर तुटून पडली. साहेबही दोन्ही हातांनी दाबू लागले. दहा. पंधरा. मुलीचा जीव टांगणीला लागला. एकोणीस.

विसाव्या सेकंदाला यंत्राने असा टाहो फोडला की शेजारच्या खोलीतली माणसं धावत आली. ते बंद करायला कुणीच गेलं नाही. मुलगी हसत होती आणि बाहीने डोळे पुसत होती.

सिस्टरने वॉर्डातल्या सवयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"रडलं गं बाई! चार एकोणतीस. लिहून घ्या."