थर्मासमधली नळी

चारही नळ्यांत पेशींचे गोळे झाले होते. ए, बी आणि आरएच या पहिल्या तीन नळ्यांवर विश्वास ठेवला तर रुग्णाचा गट एबी पॉझिटिव्ह. पण चौथ्या नळीत तपासणीचं औषध नव्हतंच, नुसतं सलाइन होतं. तिथं गोळा व्हायला काही कारण नव्हतं.

ही चौथी, पडताळणीची म्हणजे कंट्रोलची नळी कधीही न चुकवल्यामुळे रक्तपेढीतल्या तंत्रज्ञ बाईंना सगळे कंट्रोलबाईच म्हणत, तेही तोंडावर.

फोन वाजला. वॉर्डातले डॉक्टर.

"एबी ना? पिशवी पाठवा बाई. हिमोग्लोबिन चारवर आलंय."

"थांबा. त्यांच्याच अँटीबॉडी पेशींवर बसल्यात. कशातही टाकल्या तरी पेशी एकमेकींना चिकटतायत. गट खरा नाही."

"पुन्हा तुमची ती चौथी नळी?"

"तीच. चुकीचं रक्त गेलं तर माणूस हातचा जाईल."

रक्त मिळालं नाही तरी जाईल, हे बाईंनाही कळत होतं. त्यांनी फोन ठेवला.

खिडकीशी रुग्णाची बायको काखेत थर्मास धरून उभी होती.

"ओ आहे हो त्यांचा गट. किती वेळा सांगू?"

"तोंडी सांगण्यावर रक्त देता येत नाही, मावशी. थंडीचा काही त्रास होतो का त्यांना?"

"बोटं निळी पडतात. नाकाचा शेंडासुद्धा. रोज सकाळी मी चोळून देते, तेव्हा कुठं माणसात येतात."

गारठ्यात चिकटणाऱ्या आणि उबेत सुटणाऱ्या अँटीबॉडी. आणि नमुना आला होता उघड्या व्हरांड्यातून, गार पडून. बाईंनी कपाळाला हात लावला.

"थर्मासमध्ये काय आहे?"

"चहा. त्यांच्यासाठी."

"ओता तो."

थर्मासात कोमट पाणी भरून बाई स्वतः वॉर्डात गेल्या. ताजं रक्त काढलं, नळी पाण्यात सोडली, झाकण लावलं आणि जवळजवळ पळतच परतल्या. कोमट सलाइननं पेशी धुतल्या, पुन्हा धुतल्या, आणि नव्यानं चार नळ्या लावल्या.

चौथी त्यांनी आधी उचलली. हलवली. पेशी मोकळ्या झाल्या, एकही गोळा नाही. ए मोकळी. बी मोकळी. फक्त आरएचच्या नळीत गोळा होता, आणि आता तो खरा होता. बाई स्टुलावर टेकल्या. इतकं हायसं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

"ओ पॉझिटिव्ह," त्यांनी खिडकीतून सांगितलं.

"मग मी काय वेगळं सांगत होते?" मावशी म्हणाल्या आणि वॉर्डाकडे निघाल्या.

पिशवीतलं रक्तही रुग्णाच्या रक्ताशी उबेतच जुळवून पाहिलं आणि पिशवी वॉर्डात गेली. मग थर्मास विसळून, कँटीनमधून चहा भरून बाई वॉर्डात पोचल्या. रक्त गरम होऊन थेंब थेंब उतरत होतं. म्हाताऱ्याचा दुसरा हात मावशींच्या दोन्ही हातांत होता आणि त्या एकेक बोट चोळत होत्या.

"तुमचा थर्मास," बाई म्हणाल्या.

मावशींनी मान वर केली नाही. "ठेवा तिथंच. माझे हात मोकळे नाहीत."