गेणूआबांचा सूर

बाळांनो, डोळ्यांसमोर आणा: अवसरी गावातली एक ओसरी, क्लॅरिनेट वाजवणारी अक्षदा आणि शेजारी सनई घेऊन बसलेले तिचे आजोबा, गेणूआबा. आबांनी चाळीस वर्षं लग्नांत सनई फुंकली, पण फक्त सूर धरला. म्हणजे आपण एकच स्वर लांबवत राहायचं आणि त्यावर गाणं वाजवायचं दुसऱ्याने.

अक्षदा फोनवर बघून जॅझ शिकत होती. त्यात पट्टी सोडून मुद्दाम अर्ध्या-अर्ध्या सुराने बाहेर निघायचं, कानाला टोचेल इतकं लांब जायचं आणि मग परत यायचं.

“लई वंगाळ वाजवतीस गं,” आबा हसायचे. “पण जा खुशाल. वाजवणारा परत येईस्तवर सूर सोडायचा न्हाई, एवढंच मला येतंय.”

मग आबांच्या छातीत सनई फुंकण्याइतकाही दम उरला नाही. डॉक्टरांनीही हात टेकले.

“आबा, आज सूर मी धरते,” खाटेशी बसत अक्षदा म्हणाली. “तुमी वाजवा.”

तिने क्लॅरिनेटवर आबांचा तो एकच स्वर धरला. आबांची बोटं चादरीवर सनईसारखी हलू लागली. जन्मात पहिल्यांदा आबा गाणं वाजवत होते. अक्षदाला बोटांवरून कळत होतं: आधी पट्टीत, मग नातीसारखे पट्टीबाहेर, आणखी लांब. आणि तिथेच बोटं थांबली.

“अक्षे, बास कर आता,” आई रडत म्हणाली. “गेले गं आबा.”



अक्षदाने सूर सोडला नाही.